तीन महिन्यांची सुई

सिस्टरने युसुफला भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळायला सांगितलं आणि पायजम्याची नाडी सैल करायला लावली. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात परक्या बाईसमोर नाडीला हात घालायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. भिंतीचा निळा रंग पापुद्रे धरून सुटला होता. त्या पापुद्र्यांकडे बघत तो पडून राहिला. सुई त्याच्या दाभणाइतकी जाड नव्हती, पण साधीही नव्हती. ती आत गेली आणि काहीतरी थंड, घट्ट असं कुल्ल्याच्या मांसात येऊन बसलं.

"चोळायचं नाही हं, बाबा," सिस्टर म्हणाली. "हाताला गाठ लागेल. लागू द्या. औषध तिथंच बसतं आणि तीन महिने थोडं थोडं सुटत राहतं."

"तीन महिना आंगमाच ऱ्हाई?"

"आतच. मग पुन्हा यायचं."

ती त्याच्या मुलाला, तौहिदला, बाहेर घेऊन गेली. दाराच्या काचेतून युसुफला दोघं दिसत होते. सिस्टर बोटांवर मोजत एकेक गोष्ट सांगत होती. तौहिदची मान खाली होती आणि कान लाल होत चालले होते. शेवटी तिने एक पिवळा कागद दिला. त्याने तो वाचला नाही, चार घड्या घालून खिशात कोंबला.

"काय म्हने ती?" रिक्षात बसताना युसुफने विचारलं. रिक्षा तौहिदचीच, नंदुरबार ते कोरीट चालायची.

"काही नही, अब्बा. पहिला पंधरा दिन कंबर जास्त दुखी. मंग उतरी जाई. घाबरानं नही."

"इतला येळ इतलंच सांगे?"

तौहिदने रिक्षा चालू केली. "इतलंच."

पावसाळ्यात युसुफची लघवी अडायला लागली होती. मग कंबर धरली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरने सांगितलं की प्रोस्टेटला गाठ आहे, ती हाडात उतरलीय, आता कापाकापी नाही, दर तीन महिन्यांनी सुई. सुई असेपर्यंत गाठ दबून राहील. युसुफने एवढंच लक्षात ठेवलं होतं. तो कोरीटचा पिंजारी. दिवाळी उलटली की गाद्या-रजयांचं काम अंगावर कोसळतं, फाल्गुनापर्यंत मान वर करायला मिळत नाही. हाच त्याचा हंगाम आणि याच हंगामात त्याचं अंग असं बिघडलं होतं.

बाजारातून जाताना सुमेरमल शेठच्या दुकानासमोर रिक्षा थांबवावी लागली. शेठ स्वतः पायरीवर उभे होते. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडली होती, तिचा खकाणा इथवर येत होता आणि सगळी गल्ली खोकत होती. शेठची बायको बदामबाई भाद्रपदात गेली होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती.

"युसुफभाई, गादी लई जा," शेठ म्हणाले. "दोन रजया करी दे."

आत ओट्यावर गुंडाळलेली गादी पाहून युसुफ थबकला. "हाई तं भाभीनी शे."

"हा."

"गयेल मानुसनी गादी ठेवतस नही, शेठ. देई टाकतस."

"पोऱ्या रिषभ बी तेच म्हनस. सून अल्पना तं हात लावस नही." शेठनी मिरचीने पाणावलेले डोळे पुसले. "तरी कर."

तीस वर्षांचं गिऱ्हाईक. युसुफला नाही म्हणता आलं नाही. गादी रिक्षाच्या टपावर बांधली. कोरीट येईपर्यंत ती एका अंगाला कलत राहिली, आणि टपावरून काहीतरी आपल्याकडे झुकतंय असं वाटून युसुफही दुसऱ्या अंगाला कलून बसला.

दोन दिवसांनी त्याने पडवीत खोळ उसवली. कापूस मोकळा निघाला नाही, दडपून दडपून त्याची एकच लादी झाली होती. डाव्या अंगाला खळगे होते. खांद्याचा एक, कुल्ल्याचा एक, टाचेचे दोन लहान. बाईचं सगळं अंग त्यात उमटलं होतं. युसुफने कुल्ल्याच्या खळग्यावर तळवा ठेवला. पडवीत ऊन नव्हतं, तरी कापूस कोमट लागला.

कापसातून केस निघाले. लांब, पांढरे, टोकाला मेंदीचा तांबूस रंग. दुखण्यावर चोळायच्या बामाचा वास सुटला. युसुफ पुटपुटत दुवा म्हणाला, केस कागदात बांधून कोनाड्यात ठेवले आणि मशीन चालू केलं. मशीनच्या तोंडातून कापूस धुरासारखा उडाला. दाढीत बसला, पापण्यांवर बसला, नाकातोंडात गेला. पिंजाऱ्याच्या पोटात लोकांचा कापूस थोडाथोडा जातोच. जन्मभर गेला होता. पण त्या दिवशी त्याला प्रत्येक श्वास गिळल्यासारखा वाटला.

संध्याकाळी कंबर पेटली. तौहिदने सांगितलं होतं तसंच. पण एवढं दुखेल असं कोणी म्हटलं नव्हतं. बारा दिवस युसुफ बाजेवर पडून होता. त्याची बायको साबिरा पडवीत बसून रजयांना टाके घालत होती आणि सून अतिका चूल, शेळ्या आणि पोर सांभाळून तिला दोरा ओवून देत होती. मग एका सकाळी दुखणं ओसरलं, पाणी जमिनीत मुरावं तसं. लघवी मोकळी झाली. युसुफ उठला, स्वतः हापशावर गेला, भरलेली कळशी घेऊन परतला. साबिराने दारातून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा आली.

थंडी कडक होती. ईश्वर पाटलाच्या खळ्यात पऱ्हाट्यांची शेकोटी होती आणि पाच-सहा जण हात शेकत होते. युसुफ शेकोटीपासून लांब, दगडावर बसला होता. आधी त्याला बामाचा वास आला. त्याने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग छातीच्या मधोमध काहीतरी पेटलं आणि वर चढू लागलं, गळ्यातून, जबड्यातून, कानांच्या पाळ्यांतून थेट टाळूपर्यंत. घाम फुटला. दाढीतून थेंब ओघळले. त्याने शाल फेकली, सदऱ्याची बटणं उघडली.

"चाचा, ताप शे का?" ईश्वरने कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "आरे, थंडगार शे."

तोवर ते निघूनही गेलं होतं. ओल्या सदऱ्यात युसुफचे दात वाजत होते.

त्यानंतर दिवसातून पाच वेळा, सात वेळा. मशीनवर असताना, जेवताना, नमाजात वाकलेला असताना. प्रत्येक वेळी आधी तो वास यायचा. त्याने कोणाला सांगितलं नाही. पण अंगात आणखीही काही चाललं होतं. कापूस झोडायची काठी जड झाली, दहा फटक्यांत दंड भरून यायचे. पोतं उचलून छातीशी धरलं की दोन्ही बाजूंना ठणका लागायचा. अंघोळीला त्याने चाचपून पाहिलं. जिथे सपाट हाड असायचं तिथे मऊ उंचवटा होता, नुकत्याच वयात आलेल्या पोरीसारखा. त्याने घाईघाईने बनियन चढवली. साबिराकडे पाहताना या वयातही मनात जी थोडी धुगधुगी उरली होती ती कुठे गेली कळलं नाही. ती गेल्याचं दुःखही झालं नाही, हेच त्याला जास्त भयंकर वाटलं.

एकदा अतिकाच्या हातून कप फुटला. ती घाबरून म्हणाली, "चुकी गयं, अब्बा." आणि युसुफ हुंदके देऊन रडायला लागला. सून फुटके तुकडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्यालाही थांबता येईना. आपण रडत नाही आहोत, आपल्या गळ्यातून कोणीतरी रडतंय, असं त्याला वाटत होतं.

पौषात एक दिवस तो पडवीत बसला असताना गरमी आली. ती उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण रुमालाचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून मानेशी वारा घालतोय, करंगळी उचलून. असा वारा त्याने जन्मात कधी घातला नव्हता. पण पाहिला होता. सुमेरमलच्या दुकानात, गल्ल्याच्या मागे, जाड काचेच्या बांगड्यांचा हात, चिमटीत पदराचं टोक.

त्याने रुमाल टाकला.

रजया कधीच्या तयार होत्या. तो त्या घेऊन नंदुरबारला गेला. शेठनी घडी उलगडली, तळहात फिरवला, गालाला लावली.

"शेठ, एक विचारू? भाभीले गरमीना तरास व्हता का?"

शेठनी वर पाहिलं. "तुले कोनी सांगं?"

"कोनी नही."

"पन्नाशीमा व्हता तिले. पौष महिनामा पांघरून फेकी दे. दुकानमा बठी ऱ्हाय आनि एकदम रडाले लागे. मी म्हने, काय व्हयनं, तं म्हने, माले काय ठाव." शेठ थोडं हसले. "पाच-सहा वरीस चालनं. मंग आपोआप गयं. काब्र रे?"

"काही नही," युसुफ म्हणाला. आता शंका उरली नव्हती.

घरी येईपर्यंत त्याने सगळं जुळवून टाकलं. सुई लागली त्याच दिवशी गादी आली. सुईने दार उघडलं. अंगातला पुरुष त्या दाराने बाहेर गेला आणि जागा रिकामी दिसली म्हणून ती येऊन बसली. कंबर दुखायची थांबली कारण कंबर आता त्याची राहिलीच नव्हती. कोनाड्यातला केसांचा कागद त्याने कबरस्तानाच्या कुंपणाशी खड्डा करून पुरला. दुसऱ्या दिवशी गरमी आठ वेळा आली.

माघात तारीख जवळ आली. तौहिदने आदल्या दिवशी रिक्षा धुतली. सकाळी युसुफ बाजेवर बसून राहिला.

"मी येत नही."

"काब्र?"

"सुई लेवानी नही माले."

"अब्बा, डॉक्टरनी सांगेल शे, तारीख चुकाडानी नही. गाठ उठी जाई."

"उठू दे."

"तुम्ही चालाले लागनात, कळशी उचलाले लागनात, ते सुईमुळेच ना?" तौहिदचा आवाज चढला.

"आनि दुसरं जे व्हयनं ते? ते कसामुळे शे?" युसुफ ओरडला. "सांग ना! तुले म्हाईत शे का?"

तौहिदचे कान लाल झाले. तो बाहेर जाऊन रिक्षाच्या पायरीवर बसला. त्याची पाठ दारातून दिसत होती.

साबिराने सुपातले दाणे बाजूला ठेवले आणि ती बाजेच्या पायथ्याशी येऊन बसली. "दुसरं काय व्हयनं?"

युसुफने सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

"मी दोन महिनापाईन देखी ऱ्हायनू. तुम्ही मन्हासमोर सदरा काढतस नही."

भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "मन्हा आंगमा एक बाई शे."

साबिरा हसली नाही. बाहेर शेळी ओरडत होती. "कव्हय येस?"

"दिनमा सात-आठ येळ."

"छातीपाईन वर चढस?"

"हा."

"कान तपतस. मंग घाम. मंग हुडहुडी."

युसुफ वळला. "तुले कोनी सांगं?"

"माले कोन सांगी? मन्ही मायनी बी नही सांगं." साबिरा आपल्या हातांकडे बघत होती. "मन्ही पाळी बंद व्हयनी तव्हय चार वरीस मी हाईच काढं. तुमना बाजूमा. तुम्ही म्हनेत, काय सारखी उठस, झोपू दे."

"तू बोलनी नही."

"तुम्ही विचारं नही."

युसुफने चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या त्या बाईकडे पाहिलं. तिच्या गळ्याला घामोळ्याचे जुने काळसर डाग होते. ते त्याने आजवर पाहिले नव्हते. तिने त्याचं मनगट धरलं, बटणं सोडवली आणि छातीवर हात ठेवला. त्याचं अंग आखडलं. दाबल्यावर दुखतं का, असं तिने नजरेनेच विचारलं. त्याने मान डोलावली. "शेक लागी," ती म्हणाली, "मीठनी पुरचुंडीना."

मग तिने दारातून हाक मारली. "तौहिद! दवाखानामा तुले काय काय सांगं?"

तौहिद आला नाही. तिथूनच म्हणाला, "अम्मी, ते माले बोलता येवाव नही. अब्बासमोर कसं बोलू? कागद शे."

पिवळा कागद रिक्षाच्या कागदपत्रांच्या पाकिटात अजून तसाच चार घड्यांत होता. साबिराला वाचता येत नव्हतं. युसुफला उर्दू थोडं यायचं. कागद अतिकाकडे गेला. सासऱ्यासमोर असलं वाचायचं म्हणजे जीव द्यायची पाळी. ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिली, जणू सासूला वाचून दाखवतेय. शाळेतल्या कवितेसारखा एकसुरी आवाज पडद्यातून येऊ लागला.

"इंजेक्शन घेतल्यावर सुरुवातीला काही दिवस वेदना वाढू शकतात. अंगातून गरम वाफा येणे व घाम सुटणे. छातीला सूज किंवा दुखरेपणा. थकवा येणे, दंडा-मांड्यांची ताकद कमी होणे. मन उदास होणे, विनाकारण रडू येणे."

युसुफ ऐकत होता. त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं ते सगळं एका बाईच्या आवाजात, पडद्याआडून, क्रमाने बाहेर येत होतं. ज्याने हा कागद लिहिला तो आपल्या पडवीत बसून गेला असावा असं त्याला वाटलं.

"पुरुषांची इ..." आवाज थांबला.

"ती वळ सोडी दे," साबिरा म्हणाली. "आगे वाच."

"हाडे ठिसूळ होऊ शकतात, त्यामुळे पडण्यापासून जपावे. वजन वाढू शकते. औषध पुरुषाच्या शरीरातील पुरुषी द्रव्य बंद करते, त्यामुळे ही लक्षणे येतात. घाबरू नये. जास्त त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे. पुढील इंजेक्शनची तारीख चुकवू नये." कागदाची घडी वाजली. "झालं, अम्मी."

युसुफने विचारलं, "बेटा, त्यामा वास लिखेल शे का?"

"कसाना वास, अब्बा?"

"बामना. पहिले वास येस, मंग गरमी."

कागद उलटा-सुलटा केल्याचा आवाज आला. पडद्याखाली अतिकाची पावलं दिसत होती. एक पाऊल मागे सरकलं.

"नही, अब्बा. वास नही लिखेल."

साबिराने युसुफकडे पाहिलं. "वास येस तं येऊ द्या," ती शेवटी म्हणाली. "ती तुमले काही करस का? रडस, घाबरस, वारा घालस. बाईमानुस आखो काय करी?" तिने त्याची टोपी झटकून त्याच्या हातात दिली. "चाला. मी बी येस संगे."

दवाखान्यात गर्दी होती. साबिरा आणि तौहिद औषधाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. युसुफला भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी एक उंच, काळाकभिन्न माणूस फाईल छातीशी धरून बसला होता. पागोटं, पायात रबरी चपला, चपलांवर घाटाची लाल धूळ. धडगावच्या वरच्या अंगाला कुठला तरी पाडा. पहाटे जीप धरून तो एकटाच आला होता. नाव विचारल्यावर म्हणाला, डोंगरसिंग.

"पहिली येळ?"

त्याने मान डोलावली. सिस्टर मघा त्याला सगळं सांगून गेली होती, भरभर, शुद्ध मराठीत. त्यातलं अर्धं त्याला कळलं नव्हतं. आपली पावरी बोली सोडून तो तुटक मराठी बोलत होता. "सुई... तीन महिना. आत राहते?"

"आतच ऱ्हास," युसुफ म्हणाला. आणि मग, कशाची लाज न बाळगता, त्याने सांगायला सुरुवात केली. "पहिला पंधरा दिन कंबर लई दुखी. मरी जासू असं वाटी. मरतस नही. मंग उतरस. मंग एक दिन..."

नाकाशी वास आला. युसुफ थांबला. छातीत ठिणगी पडली आणि वर चढू लागली. या वेळी त्याने बटणं सोडली नाहीत, मान खाली घातली नाही. तो सरळ बसून राहिला. पंखा बंद होता, खिडकीतून माघाचा वारा येत होता, आणि त्याच्या कपाळावर एकेक थेंब उगवत होता. डोंगरसिंग डोळे न मिटता बघत होता.

"हाई देखा. आते उनी," युसुफ म्हणाला.

डोंगरसिंगने हळूच हात पुढे केला आणि बोटांची मागची बाजू त्याच्या गालाला लावली. "कोण आली?"

युसुफला कागदावरचा शब्द आठवला, द्रव्य. तो त्याने तोंडात आणला आणि तसाच राहू दिला. "जी येस ती," तो म्हणाला. "तिले घाबरानं नही. रडू उनं तं रडी लेवानं. आनि घर गयात का पहिल्याच दिन बायकोले सांगा. मी सांगं नही, तीन महिना फुकट भ्यायनू. बायकोले समदं म्हाईत ऱ्हास."

डोंगरसिंगने फाईलची दोरी बोटाला गुंडाळली. "बायको नाही," तो म्हणाला. "मेली. चार वर्षं झाली."

आतून सिस्टरने पुकारलं, "युसुफ पिंजारी!" युसुफ गुडघ्यांवर हात टेकून उठला. दोन पावलं गेला आणि परत फिरला. घाम अजून वाळला नव्हता.

"मंग तुमनाकडे तीच येई," तो म्हणाला.

डोंगरसिंगने फाईल मांडीवर घेतली आणि बाकावर थोडा सरकला, शेजारी एका माणसापुरती जागा होईल इतका.